शिडीवरचा पावश्या

फिल्टर आधी झाला आणि ऑसिलेटर राहून गेला. घरी सिंथेसायझर बांधायला घेतला की क्रम खरं तर उलटा असतो. ऑसिलेटर आवाज काढतो आणि फिल्टर त्यातला नको तो भाग तासून टाकतो. आधी लाकूड लागतं, मग रंधा. पण ऑसिलेटर सुरात राहावा म्हणून तापमानाबरोबर बदलणारा जो खास रेझिस्टर लागतो, तो मला इथे कुठेच मिळाला नाही. बाहेरून मागवला, तर दोन-अडीच महिने लागतील म्हणाले. फिल्टरचं सगळं सामान मात्र पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत एका फेरीत मिळालं : पन्नास बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, प्रीसेट, झिरो पीसीबी, सोल्डरची गुंडाळी. म्हणून मार्चअखेर माझ्या टेबलावर एक तयार फिल्टर होता आणि त्यात घालायला आवाज नव्हता.

त्याच सुमारास माझ्या जुन्या कॉलेजातली मुलं एकांकिकेच्या संगीतासाठी घरी आली. गोष्ट दुष्काळातल्या गावाची. पेरणीचं बियाणंही विकून बसलेला एक म्हातारा, आणि त्याला रात्रंदिवस ऐकू येणारा पावश्या. मृगाच्या आधी हा पक्षी ओरडायला लागतो आणि आपल्याकडे त्याच्या ओरडण्याचे शब्दच ठरलेले आहेत : पेरते व्हा, पेरते व्हा.

"दादा, पक्ष्याचं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे," दिग्दर्शिका म्हणाली. ती शेवटच्या वर्षाला होती आणि तिला काय हवंय ते तिला नेमकं ठाऊक होतं. "पण ते लावलं की बाहेर झाडावर पक्षी बसलाय असंच वाटतं. आमचा पक्षी आजोबांच्या डोक्यात आहे. तो ओळखू यायला हवा, पण पक्षी वाटता कामा नये."

मी हो म्हणालो. माझ्याकडे ऑसिलेटर नाही, हे तिला सांगितलं नाही. कारण ऑसिलेटर नसतानाही फिल्टर गाऊ शकतो हे मला वाचून माहीत होतं. फक्त मी स्वतः तो गाताना ऐकला नव्हता.

या फिल्टरला शिडी म्हणतात ते त्याच्या आकृतीवरून. खाली ट्रान्झिस्टरची एक जोडी, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, अशा एकावर एक जोड्या, आणि जोडीतल्या दोघांच्या मध्ये आडवा कपॅसिटर, पायरीसारखा. पायऱ्या चार. सिंथेसायझर बनवणारे अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांची ही रचना. तिचं अमेरिकन पेटंट त्यांना १९६९ साली मिळालं. त्याच वर्षी अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. संगीतकार गीता साराभाई आणि इतर काही जणांनी तिथे त्यावर काम केलं, आणि त्या ध्वनिफिती अलीकडे सगळ्यांना ऐकायला मिळाल्या. मी या नादाला लागलो तो त्या ऐकूनच. आपल्या इतक्या जवळ, इतक्या आधी हे घडून गेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे मला फार लागलं होतं.

तर चार पायऱ्या. कटऑफच्या कंपनसंख्येला, म्हणजे जिथून वरचं फिल्टर तासायला लागतो तिथे, प्रत्येक पायरी स्वराला थोडं दुबळं करते आणि ४५ अंश मागे खेचते (एक पूर्ण लाट ३६० अंशांची). चारी पायऱ्या चढून स्वर वर येतो तेव्हा त्याची ताकद एक चतुर्थांश उरलेली असते आणि तो १८० अंश मागे पडलेला असतो, म्हणजे नेमका उलटा झालेला असतो. रेझोनन्सचा नॉब हाच स्वर पुन्हा उलटा करून शिडीच्या पायथ्याशी आणून सोडतो. उलट्याचं उलट म्हणजे सुलट. आता हे परत आणताना ताकद चौपट केली, तर जेवढं गेलं तेवढं भरून निघतं आणि स्वर शिडीत फिरतच राहतो. बाहेरून काही घालावं लागत नाही. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो, ती हीच गोष्ट. फरक एवढाच, की मांडवात शिट्टी कुठल्या पट्टीत वाजेल ते कुणाच्या हातात नसतं. इथे ते कटऑफच्या नॉबवर ठरतं.

पहिल्या रात्री शिट्टी वाजली, पण अर्धीच. कटऑफ वरच्या बाजूला असला की स्वच्छ स्वर, आणि खाली आणला की मधल्या सप्तकाच्या जरा खाली तो पातळ होत होत नाहीसा. रेझोनन्स शेवटपर्यंत फिरवला तरी तळाला शांतता. दोन रात्री मी ट्रान्झिस्टर बदलत बसलो. तिसऱ्या रात्री कागदावर हिशेब केला तेव्हा सापडलं : फीडबॅकच्या, म्हणजे स्वर पायथ्याशी परत आणणाऱ्या, वाटेवर मी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता, ड्रॉवरमध्ये तोच हाताला लागला म्हणून. पुढे दहा किलोओहम. दोघं मिळून सुमारे १६० हर्ट्झच्या खालचं सगळं अडवत होते आणि त्याच्या वरच्या स्वरांनाही थोडं सरकवत होते. फिल्टर गात होता. त्याचा खालचा आवाज परतीच्या वाटेवर हरवत होता. तिथे दहा मायक्रोफॅरडचा लावला आणि नॉब हळूहळू खाली नेला. स्वर खर्जात उतरला, आणखी उतरला, हेडफोनमध्ये नुसता दाब उरला, आणि मग एकेक धक्का मोजता येऊ लागला. पहाटेचे अडीच वाजले होते. मी तो नॉब वर-खाली किती वेळा केला कोण जाणे.

त्या स्वराबद्दल थोडं सांगायला हवं. तो जवळजवळ शुद्ध साइन असतो. बासरीत फुंक ऐकू येते, व्हायोलिनमध्ये गज घासल्याचं कळतं, हार्मोनियममध्ये भात्याचा श्वास असतो. याला काहीच नाही. दाणा नाही, कड नाही, सुरुवात कुठून झाली ते कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना मला तो रिकामा वाटला. मग लक्षात आलं की रेझोनन्सचा नॉब हा इथे आवाज लहान-मोठा करणारा नॉब नाही, त्यात एक उंबरठा आहे. उंबरठ्याच्या अलीकडे फिल्टर स्वतः गात नाही, पण धक्का दिला तर घुमतो, पितळी भांड्यासारखा. उंबरठ्यावर तो गायला लागतो, अगदी कोवळा. पलीकडे जसजसं जावं तसतसे ट्रान्झिस्टर भरून येतात, लाटेचे माथे चेपले जातात आणि स्वराला अंग येतं. ही चेपण नसती तर आवाज वाढतच गेला असता; शिडी स्वतःच त्याला आवर घालते. अलीकडून पलीकडे जायला माझ्या नॉबवर जेमतेम नखाएवढं अंतर लागतं, आणि पुढचे दोन महिने मी त्या नखाएवढ्या जागेत काढले.

पहिलं काम सुरात आणण्याचं. सिंथेसायझरच्या जगात नियम असा, की एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जायचा. ट्रान्झिस्टरच्या बेस या पायावर मात्र एका सप्तकाला लागतात फक्त १८ मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणून शंभर किलोओहम आणि पावणेदोन-दोन किलोओहम अशी वाटणी करून एक व्होल्टाचे तेवढे उरवायचे आणि प्रीसेटने, म्हणजे स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने, शेवटचं जुळवायचं. वाजवण्यासाठी फिल्टर नीट जुळवायचा हा विचार नवा नाही. १९७०च्या मिनिमूग सिंथेसायझरवर कीबोर्डचा व्होल्टेज फिल्टरला देणारे दोन स्विच होते, एक एक तृतीयांश देणारा, दुसरा दोन तृतीयांश. दोन्ही टाकले की फिल्टर पट्ट्यांबरोबर पूर्ण चालतो, म्हणजे तीन ऑसिलेटरांच्या जोडीला तो चौथा होतो.

माझा काही केल्या जुळेना. संध्याकाळी जुळवलेला प्रीसेट सकाळी चुकीचा. पंखा लावला की स्वर सरकायचा. एकदा मोबाइलवरच्या ट्यूनरकडे बघत मी पीसीबीवर काय गरम झालंय ते चाचपत होतो आणि कटऑफ सांभाळणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एकावर बोट टेकलं. स्वर घसरायला लागला. पट्टी नाही, नॉब नाही, नुसतं बोट; आणि तो मींड घेतल्यासारखा उतरत गेला. बोट उचललं, तर तितक्याच सावकाश परत आला. मी घाबरलोही आणि हरखलोही. एका ट्रान्झिस्टरचं तापमान एका अंशाने वाढलं की दोन मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि सप्तकच जिथे अठरा मिलिव्होल्टचं, तिथे दोन म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून मोजलं तर सव्वा स्वर झाला. म्हणूनच तिथे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांविरुद्ध लावलेले असतात : दोघं सारखे तापले तर एकमेकांची चूक खोडतात. माझे दोघं पीसीबीवर बोटभर अंतरावर होते. ते काढले, सपाट बाजू एकमेकींना लावल्या, मध्ये थर्मल पेस्टचा ठिपका, आणि दोघांवर मिळून हीट-श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, एकच नळी. त्यानंतर फिल्टर शांत झाला.

पूर्ण शांत नाही. जोडी लावली तरी एक चूक उरते : स्वरांमधलं अंतर. तापमान एका अंशाने बदललं की प्रत्येक सप्तक सुमारे ०.३३ टक्क्यांनी ताणलं किंवा आखडलं जातं. ती चूक खोडणारा रेझिस्टर म्हणजेच तो, जो अजून वाटेत होता.

दुसरा प्रश्न आवाज थांबवण्याचा. फिल्टर एकदा गायला लागला की गातच राहतो. त्याच्यापुढे आवाज उघड-बंद करणारं सर्किट लावतात. माझ्याकडे तेही नव्हतं. मग मी उंबरठाच वापरायचं ठरवलं. एक एलडीआर, म्हणजे उजेड पडला की विरोध कमी होणारा रेझिस्टर, फीडबॅकच्या वाटेत बसवला आणि त्याच्या तोंडाशी एलईडी ठेवून दोघांना काळ्या हीट-श्रिंकमध्ये बंद केलं. एलईडी पेटला की फीडबॅक उंबरठा ओलांडतो आणि फिल्टर गायला लागतो. विझला की अलीकडे येतो आणि विरतो.

यातून जे मिळालं ते मी मागितलंही नव्हतं. उंबरठा ओलांडल्यावर स्वर लगेच पुरा येत नाही. शिडीत जी बारीक सळसळ सदैव चालू असते तिच्यातून तो वाढत येतो, आधी इतकासा, मग दुप्पट, मग भरलेला. वरच्या पट्टीत हे क्षणात होतं, खर्जात सावकाश. सुरुवातीला टक असा आवाज नाही, काही नाही. आवाज कुणी चालू केला असं न वाटता तो आतून वर आला असं वाटतं. डोक्यातल्या पक्ष्याला आणखी काय हवं?

पावश्याचे तीन स्वर मी आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या एका छोट्या बोर्डाला, शिकवले. आकड्यांचा व्होल्टेज करणाऱ्या बारा बिटांच्या डीएसीतून पाच व्होल्टांचे ४०९६ भाग पडतात, म्हणजे एकेक पायरी दीड सेंटची (एका सप्तकाचे बाराशे सेंट). कानाला तो सलग उतारच वाटतो. पायाखाली एक स्विच. दाबला की एक "पेरते व्हा". पहिला स्वर आखूड, मधला सगळ्यात वर, तिसरा जरा उतरून लांबणारा. मला फार छान वाटला. आई स्वयंपाकघरात होती, तिला हाक मारली. तिचं माहेर बीड जिल्ह्यातलं, लहानपणचे सगळे उन्हाळे शेतात गेलेले.

तिने पदराला हात पुसत पाच-सहा वेळा ऐकलं.

"हा पावश्या नाही."

"का गं?"

"अरे, हा नुसता बोलतोय. पावश्या चढतो. एकदा म्हणतो, मग त्याच्यावर, मग त्याच्याही वर. ऐकणाऱ्याला वाटतं आता याचा गळा फुटणार. आणि तेवढ्यात तोडतो." तिने हाताने हवेत दोरा तोडल्यासारखं केलं. "तोडल्यावर जे गप्प होतं ना, ते ऐकून आमचे आण्णा उठून बाहेर बघायचे. आभाळाकडे."

ती परत गेली. मी बसून राहिलो. तीन स्वर बरोबर होते आणि पक्षी चूक होता.

चढ मी आर्डुइनोकडून काढून घेतला. प्रत्येक हाकेला किती चढायचं ते मोजून लिहिलं की ते मोजल्यासारखंच ऐकू येत होतं. एक मोठा नॉब लावला, त्याचा व्होल्टेज आर्डुइनोच्या व्होल्टेजमध्ये मिसळला, आणि चढ डाव्या हाताने घ्यायला लागलो. उजवा पाय हाक देतो, डावा हात तिला वर ढकलतो. चौथ्या-पाचव्या हाकेला हात आपोआप ताठ व्हायचा आणि ते ताठणं स्वरात उतरायचं.

तोडणं अवघड गेलं. एलडीआर अंधाराला सावकाश जुळतो. एलईडी विझल्यावरही तो क्षणभर रेंगाळतो, आणि पक्षी तुटण्याऐवजी विरघळायचा. शेवटी दुसरा एक पाय-स्विच लावला, जो फीडबॅक सरळ ग्राउंडला नेऊन सोडतो. इतक्या वरच्या पट्टीत फिल्टरचं घुमणं चार-दोन लाटांत संपतं. दाबला की कट. आईला पुन्हा बोलावलं. पाच हाका, पाचवी अर्ध्यात तोडली. ती काही बोलली नाही, खिडकीकडे बघितलं तिने. मे लागला होता, आभाळ कोरडं होतं.

तोपर्यंत नाटकात एक ओवी आली होती. म्हाताऱ्याची मेलेली बायको जात्यावर म्हणते, आणि ती म्हणणारी मुलगी काळी पाचमध्ये गात होती. दिग्दर्शिकेला तिच्याखाली षड्ज हवा होता. तानपुरा नको, कारण तानपुरा म्हटलं की मैफल आठवते. मी फिल्टर २३३ हर्ट्झवर आणला आणि उंबरठ्याच्या जरा आत नेला, स्वराला अंग येईल इतका. मुलगी त्याच्यावर गायली आणि दोन ओळींनंतर थांबली. "दादा, याच्यात धरायला काही नाहीये. कुठे लागतोय तेच कळत नाही."

तिचं खरं होतं. तानपुऱ्याच्या जवारीत असंख्य वरचे स्वर असतात. गाणारा त्यांच्यात आपला आवाज बसवतो. साइनमध्ये बसायला जागाच नाही. मी रेझोनन्स आणखी पुढे नेला, लाटेचे माथे जास्त चेपले, वरच्या पंचमाचा अंश डोकावू लागला. (लाट दोन्ही बाजूंनी सारखी चेपली की तिप्पट कंपनसंख्येचा स्वर येतो, आणि तो तार सप्तकातला पंचम असतो.) रेझोनन्स वाढवला तसा मूळ स्वर किंचित सरकला, तो पुन्हा जुळवला. मग तिला धरायला मिळालं. ती गात असताना मी तिच्या आवाजाच्या आणि फिल्टरच्या मध्ये उठणारी, आवाज लहान-मोठा करणारी लाट ऐकत होतो. सूर जवळ आला की लाट मंद होते, लागला की थांबते. ट्यूनरने जे दोन महिने शिकवलं नाही ते तिने अर्ध्या तासात शिकवलं : हा फिल्टर आकड्यावर जुळवायचा नाही, समोरच्या गळ्यावर जुळवायचा.

आणि इथे अडलं. ओवी संपते त्याच क्षणी म्हाताऱ्याला पक्षी ऐकू येतो, असा प्रसंग. माझ्याकडे फिल्टर एकच. षड्ज थांबवून पक्षी सुरू करायला जी फट पडायची ती सगळ्यांना खटकत होती. मी दुसरा फिल्टर बांधायला पंधरा दिवस मागितले. दिग्दर्शिका म्हणाली, "थांबवायचा कशाला? तोच चढू द्या ना."

तसंच केलं. ओवीचा शेवटचा शब्द संपतो, षड्ज तसाच राहतो, मग डाव्या हाताने तो उचलायला लागायचं. सावकाश, तीन सप्तकं, २३३पासून १८६४पर्यंत. बायकोचा सूर म्हाताऱ्याच्या कानात चढत जातो आणि वर पोचल्यावर पहिल्यांदा म्हणतो, पेरते व्हा. तालमीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा म्हाताऱ्याचं काम करणारा मुलगा संवाद विसरून वर बघत राहिला. दुसरा फिल्टर मी बांधला नाही. पैसे किंवा वेळ असता तर बांधला असता, आणि हा प्रसंग झाला नसता, हे मला आजही आठवतं.

बाकीचे आवाज त्यामानाने सहज निघाले. वाऱ्यासाठी एका ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर उलटा जोडून त्याची खरखर फिल्टरमध्ये घातली, रेझोनन्स उंबरठ्याच्या अलीकडे ठेवला आणि कटऑफ हाताने हलवत राहिलो. पत्र्याच्या फटीतून शिट्टी घालणारी वावटळ तयार. शेवटी पावसाचा पहिला थेंब पडतो, तो मात्र दोन दिवस खाऊन गेला. उंबरठ्याच्या अलीकडे ठेवलेल्या फिल्टरला विजेचा एक बारीक टिचकारा दिला की तो घुमून विरतो. रोलंडच्या १९८०च्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्रातला बास ड्रमही साधारण याच जातीच्या घुमण्यावर चालतो. पण माझा थेंब थेंब वाटेना, लाकडावर टिचकी वाटायची. थेंबाचा आवाज पाण्याचा नसतो, थेंबाबरोबर पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सव्वातीन हजार हर्ट्झच्या आसपास वाजतो, मोठा असेल तर खाली. आणि तो वाजता वाजता वर सरकतो. मी टिचकाऱ्याबरोबर कटऑफला इवलासा चढ दिला. टुप्. झालं. तेवढ्या चढाने लाकडाचं पाणी झालं.

रंगीत तालमीत पक्षी आपणहून ओरडला. ओवी चालू होण्याआधी, रंगमंचावर म्हातारा एकटा असताना, कुणी स्विच दाबला नसताना एक लांब शिट्टी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. पुन्हा तो प्रसंग घेतला, पुन्हा त्याच ठिकाणी शिट्टी. मग प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाने विचारलं, "दादा, विंगेतला स्पॉट तुमच्यावर येतोय का?" येत होता. एलडीआरवरच्या हीट-श्रिंकचं एक टोक मी नीट दाबलं नव्हतं. स्पॉट पेटला की त्या फटीतून उजेड आत जायचा आणि फिल्टर उंबरठा ओलांडायचा. काळ्या इन्सुलेशन टेपचे चार वेढे दिले.

प्रयोगाच्या दिवशी पोटात गोळा होता तो तापमानाचा. घरच्या खोलीत ३४ अंश, नाट्यगृहात एसी, साधारण २२. बारा अंशांचा फरक म्हणजे प्रत्येक सप्तक जवळजवळ अर्ध्या काळ्या-पांढऱ्याने ताणलेलं, आणि मला तीन सप्तकं चढायचं होतं. वर पोचेपर्यंत दीड स्वर चुकणार. यावर उपाय नव्हता, पण बसून विचार केला तेव्हा उपायाची गरजही उरली नाही. पक्षी दीड स्वर वर ओरडला तरी तो पक्षीच; कुणी त्याची पट्टी तपासणार नव्हतं. षड्ज मात्र लागलाच पाहिजे, कारण त्याच्यावर एक मुलगी गाणार होती. म्हणून फिल्टर तासभर आधी चालू करून विंगेत ठेवला, एसीत पुरता थंड होऊ दिला, आणि पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी तिला बोलावलं. तिने हळू आवाजात "सा" लावला, मी लाट थांबेपर्यंत कटऑफचा नॉब फिरवला, आणि त्यावर कागदी टेप चिकटवली. पुढच्या पस्तीस मिनिटांत तिथे हात लावला नाही.

ओवी झाली. षड्ज उचलला. मध्ये कुठेतरी, दुसऱ्या सप्तकाच्या आसपास, नाट्यगृहातलं काहीतरी त्या स्वराला घुमलं, बहुतेक वरचा एखादा पत्रा, आणि स्वर क्षणभर सगळीकडून आला. मग तो पुढे गेला. पाच हाका. पाचवी तोडली. मला अंधारातून प्रेक्षक दिसत नव्हते, पण पहिल्या काही रांगांमधली हालचाल थांबलेली कळत होती. आई तिसऱ्या रांगेत होती. रात्री रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तोडलंस तेव्हा आण्णा आठवले."

रेझिस्टर जूनमध्ये आला. ऑसिलेटरही मग तयार झाला, सुरात राहतो, कुठल्याही खोलीत राहतो. पहिल्यांदा तो फिल्टरमध्ये जोडला तेव्हा रेझोनन्स खाली घ्यायला मी विसरलो होतो. फिल्टर आपला स्वर गातच होता. दोघांमध्ये लाटा उठायला लागल्या. मी कटऑफ अगदी सावकाश ऑसिलेटरच्या स्वराकडे नेला. लाटा मंदावल्या, लांबल्या, आणि जुळायच्या जरा आधीच, जिथे अजून दोघांत फरक उरायला हवा होता, तिथे फिल्टरने एकदम ऑसिलेटरचा सूर धरला. लाट संपली. नॉब थोडा मागे-पुढे केला तरी सुटेना. आणखी वर नेला, तर सुटला, धडपडला, आणि वरच्या पंचमाला जाऊन चिकटला. मग त्याच्या वरच्या षड्जाला. बाहेर पाऊस लागला होता. मी खिडकी लावायला उठलो नाही.